शिरूरकरबाई आणि आमच्या शिरूरच्या कळ्या

पुण्यात गावाचं नाव सांगताना मला नेहमी एक शब्द जास्तीचा जोडावा लागतो. 'शिरूर' म्हटलं की समोरचा म्हणतो, "नगर रोडवरचं ना? जवळच की." मग मी सांगतो, "ते नाही. शिरूर कासार. बीड जिल्ह्यातलं, सिंदफणेच्या काठचं." यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो.

म्हणून अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'विभावरी शिरूरकर' हे नाव दिसलं तेव्हा मी हरखलो. पुस्तक होतं 'कळ्यांचे निःश्वास'. पहिली आवृत्ती १९३३ ची. आपल्या गावची एक बाई ९० वर्षांपूर्वी कथा लिहीत होती आणि शाळेत कुणी आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, या रागात मी ते विकत घेतलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नंतरच्या नोकरीत मी मराठी पुस्तक क्वचितच हातात धरलं होतं. हे धरलं ते निव्वळ गावाच्या अभिमानापोटी.

रूमवर येऊन मोबाईलवर शोधलं आणि अभिमान पाच मिनिटांत उतरला. हे शिरूर नगर रोडवरचंच होतं, घोडनदीचं. आणि विभावरी शिरूरकर नावाची बाई तर नव्हतीच! ते टोपणनाव होतं. 'विभावरी' म्हणजे रात्र. 'शिरूरकर' म्हणजे जिथे लहानपण गेलं ते गाव. रात्र आणि गाव या दोन शब्दांच्या आड बसून लिहिणाऱ्या बाईचं खरं नाव होतं बाळूताई खरे. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या.

गावाचा संबंध संपला होता, पण तोवर मी पुस्तक वाचायला घेतलं होतं. त्यातल्या एका कथेचं शीर्षक वाचून मी थांबलो: 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' त्या वाक्याशी माझा काय संबंध आहे ते शेवटी सांगतो. आधी या कळ्या कुठून आल्या ते बघू.

बाळूताईंचा जन्म १९०५ चा. शिक्षण हिंगण्याला, धोंडो केशव कर्व्यांच्या संस्थेत. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्या विद्यापीठाच्या पदव्यांची नावंही खास होती, बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा' आणि एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. बाळूताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि रोज आपल्यासारख्याच बायका बघू लागल्या. शिकलेल्या, कमावत्या, पंचविशी गाठलेल्या आणि लग्न न झालेल्या. त्यांच्या मनात काय चालतं ते त्यांनी कथांमध्ये लिहिलं. ह. वि. मोट्यांनी पुस्तक काढलं आणि एकच गहजब झाला. कुलीन घरातल्या कुमारिकेला शरीर असतं, तिला पुरुषाची ओढ वाटते आणि ती एकटेपणाने कुढते, हे छापून आलं होतं आणि तेही एका बाईच्या नावाने. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. नाव लपवलं होतं ते उगाच नव्हे.

आता शीर्षकातल्या 'कळ्या' या शब्दाकडे बघा. बाईला फूल म्हणणं नवं नव्हतं. पण फूल म्हटलं की त्याचा वास, रंग, कोमलपणा, म्हणजे बघणाऱ्याला काय मिळतं तेवढंच बोललं जातं. शिरूरकरबाईंनी कळीला निःश्वास दिला. निःश्वास बघणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. तो ज्याचा असतो त्याच्या छातीतून येतो.

मला याहून गमतीची वाटली ती तारखांची जुळणी. कळी म्हणजे उमलण्याआधीचा काळ. पण मराठी घरातल्या मुलीला असा काळ पूर्वी होता का? आठव्या-नवव्या वर्षी लग्न, न्हाण आलं की सासरी रवानगी. मूल आणि बायको यांच्या मध्ये जागाच नव्हती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून १२ केलं, तेव्हा त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं. पुढे १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ ठरलं. त्यातच शहरातल्या काही घरांत मुली कॉलेजपर्यंत जाऊ लागल्या, म्हणजे लग्न आणखी पुढे गेलं. अशा रीतीने न्हाण आणि लग्न यांच्यामध्ये पहिल्यांदाच पाच-दहा वर्षांची फट पडली. त्या फटीत जी तरुण बाई उभी राहिली तिला भाषेत नावच नव्हतं. ती मुलगी नव्हती, सवाष्ण नव्हती, विधवाही नव्हती. १९३३ मध्ये तिला 'कळी' हे नाव मिळालं. ही उपमा सुचायला आधी कायदा, शाळा आणि पगार लागले.

याआधीच्या फुलांचं काय? ती होतीच. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. थोडं वर गेलं की पैठण. तिथल्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही आपल्या भाषेच्या आजीची, महाराष्ट्री प्राकृताची, ठेव. दोन-दोन ओळींची एकेक गाथा म्हणजे अख्खी लघुकथाच असते. तिथे मोहाची फुलं वेचायला जाणं हे प्रियकराला भेटण्याचं निमित्त आहे. फूल हा तिथे बहाणा आहे. इच्छा लपवलेली आहे ती घरच्यांपासून, वाचकापासून नाही.

मग पारिजातक. कृष्णाने स्वर्गातून तो आणला, सत्यभामेच्या हट्टासाठी तिच्या अंगणात लावला आणि फुलं पडू लागली रुक्मिणीच्या अंगणात. ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि हसतो. मोठेपणी ऐकली की कळतं, झाड एकीचं आणि फुलं दुसरीची, ही बाईच्या अपुऱ्या इच्छेची किती नेमकी मांडणी आहे. दुसरी एक कथा सांगते की पारिजातक ही सूर्यावर जीव लावलेली राजकन्या. त्याने टाकलं, ती जळाली, राखेतून झाड आलं. म्हणून ते रात्री फुलतं आणि सूर्य उगवायच्या आत फुलं गाळून मोकळं होतं. या झाडाच्या शास्त्रीय नावातही 'अर्बोर-ट्रिस्टिस' आहे, म्हणजे दुःखी वृक्ष.

आणि तिसरं फूल म्हणजे परवानगीचं. आपल्याकडे बाईच्या केसातला गजरा ही कधीच नुसती हौस नव्हती. तो नवरा जिवंत असल्याचा दाखला होता. नवरा गेला की कुंकू, बांगड्यांबरोबर फूलही गेलं. हे फार जुनं आहे असं वाटत असेल तर लक्षात घ्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. म्हणजे तुमच्या-माझ्या हातात स्मार्टफोन येऊन कितीतरी वर्षं झाल्यावर.

म्हणजे फुलाचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा आहे: बहाणा, तक्रार, परवाना. पण एक गोष्ट सारखी आहे. जे बाईला उघड म्हणता येत नाही ते फूल म्हणतं. फुलाची गरज पडते कारण तोंड बंद आहे. आपल्याकडे तर एका फुलाचं नावच 'अबोली' आहे.

याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला एका पुरुषाने याच गोष्टीवर एक जबरदस्त कथा लिहिली. जॉन स्टाइनबेक यांची 'द क्रिसँथेमम्स', १९३७ ची. क्रिसँथेमम म्हणजे आपली शेवंती, दसऱ्या-दिवाळीला किलोने मिळते ती. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात एलिसा ॲलन नावाची पस्तिशीची शेतकरीण मोठमोठ्या शेवंत्या वाढवते. मूलबाळ नाही. नवरा वाईट नाही, फक्त त्याला ती दिसत नाही. तो तिच्या फुलांचं कौतुक करतो आणि म्हणतो, हीच हातोटी सफरचंदांच्या बागेत वापरलीस तर बरं. एक दिवस भांडी दुरुस्त करणारा फिरस्ता येतो. काम मिळत नाही म्हणून तो तिच्या शेवंतीत रस दाखवतो. ती खुलते, भडाभडा बोलते, एका ओळखीच्या बाईसाठी हवीत असं तो म्हणतो म्हणून लाल कुंडीत रोपं घालून देते. संध्याकाळी नवऱ्याबरोबर गावात जाताना तिला रस्त्यावर एक काळा ठिपका दिसतो. त्याने रोपं फेकून दिलेली असतात. कुंडी मात्र ठेवून घेतलेली असते, कारण कुंडी विकता येते.

ती कथा मी तीनदा वाचली. तरीही मला वाटतं, स्टाइनबेक एलिसाच्या घराच्या बाहेर उभे आहेत. त्यांना तिचे हात दिसतात, फुलं दिसतात, शेवटचं रडणं दिसतं. तिला नक्की काय हवंय ते मात्र शेवंतीवरून ताडावं लागतं. चार वर्षं आधी पुण्यात लिहिणाऱ्या बाळूताई घराच्या आत होत्या. म्हणून त्यांच्या पुस्तकात कळी मुखपृष्ठावर आहे आणि आत बायका सरळ बोलतात. मला हे हवं होतं, मिळालं नाही, आणि का मिळालं नाही त्याचा हिशेबही मांडतात. त्या हिशेबात बहुतेक वेळा नशीब नसतं, घरखर्च असतो. मुलगी कमावती झाली की तिच्या पगारावर घर चालतं, भावंडं शिकतात आणि तिचं लग्न 'यंदा नको' म्हणत पुढे जातं. कळी न उमलण्याचं कारण ऋतूत सापडत नाही, घरच्या जमाखर्चाच्या वहीत सापडतं. मराठी कथेत ही वही इतक्या स्पष्टपणे आधी कुणी उघडली नव्हती, असं मला वाटतं.

पण इथे मला बीडचा माणूस म्हणून थांबावं लागतं. त्या पुस्तकात माझ्या घरातल्या बायका नाहीत. १९३३ साली आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, तो आमच्याकडे लागू नव्हता. पुण्यातल्या पांढरपेशा घरांतल्या मुलींना जी फट मिळाली ती माझ्या पणजीला मिळाली नाही, आजीला नाही आणि आईलाही नाही. मालतीबाईंना ही मर्यादा पुढे जाणवली असावी. १९३६ नंतर त्यांनी सोलापूरला, इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली आणि त्या अनुभवातून १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी लिहिली. तारेच्या कुंपणाआडच्या मांग-गारुडी माणसांची. तिथे कळ्याबिळ्या नाहीत.

आमच्या जिल्ह्यात न झालेल्या लग्नाची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र देवीची आहे. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, असं सांगतात. दोन्ही गावांत अंतर जेमतेम २५ किलोमीटर. पण मुहूर्त टळला, लग्न मोडलं, वऱ्हाडी दगड झाले. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती दाखवून म्हातारी माणसं सांगतात, हे बघा ते वऱ्हाड. देवी कुमारिकाच राहिली. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलस्वामिनी. तिला आपण फुलांनी मढवतो. तिला त्या मुहूर्ताबद्दल काय वाटलं, हे कुठल्याच गोष्टीत नाही.

आणि जिवंत मुलींचं? दिवाळी झाली की आमच्या भागातून ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, आणि पोरगी मागे एकटी ठेवायची भीती असते ती वेगळीच. म्हणून पोरी लवकर उजवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमध्ये विशीतल्या ४० टक्क्यांहून जास्त बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. म्हणजे आमच्याकडच्या कितीतरी पोरींना आजही ती फट मिळत नाही.

संस्कृतात पाळी आलेल्या स्त्रीला 'पुष्पवती' म्हणतात. फडावर पाळीच्या दिवसात काम चुकलं तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या आकडेवारीनुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. एकाच गोष्टीसाठी एक शब्द पुष्प आणि दुसरा खाडा. मधलं अंतर कुठल्याही उपमेने भरून निघत नाही.

माझे आई-वडीलही फडावर जायचे. मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ताई आजीजवळ राहायचो. मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं म्हणून तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं नाही. ती शिकत राहिली. आमच्या घराण्यात ती फट मिळालेली पहिली बाई माझी ताई. तिने डी.एड. केलं तेव्हा शिक्षकभरती थांबलेली होती. मग बीडला एका खासगी शाळेत लागली. पगार थोडा, पण महिन्याच्या महिन्याला येणारा. माझ्या इंजिनिअरिंगच्या कर्जाचा हप्ता, मेसचे पैसे, पहिला लॅपटॉप, सगळं त्यातून. स्थळं यायची. दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "पोराचं इंजिनिअरिंग होऊ द्या." चार वर्षं हेच वाक्य. मी तेव्हा ते ऐकत होतो आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नव्हतं.

'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे वाक्य मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कधीची रे ही बाई?"

"१९३३."

"लई दिवस झाले की."

तिच्या भाड्याच्या खोलीपुढे रंगाच्या रिकाम्या बादलीत शेवंती आहे. स्टाइनबेक नुकताच वाचलेला असल्यामुळे माझं डोकं भलतीकडे धावत होतं. मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा मी फार खोलात शिरल्यासारखं विचारलं, "ताई, तू ही शेवंती का लावलीस?"

ती म्हणाली, "शेजारच्या काकूनं रोप दिलं, फेकू वाटलं नाही. फुलाला कामून इचारतो? मला इचार की."

इतकी पुस्तकं वाचून मी जिथे पोचायचा प्रयत्न करत होतो तिथे ती आधीच बसलेली होती. मी विचारलं. तिने कांदा चिरता चिरता सांगितलं. मराठीत एम.ए. करायचं होतं. समुद्र बघायचा होता. आणि डी.एड.च्या वर्गातल्या एकाने विचारलं होतं, घरी येऊन रीतसर मागणी घालायला तयार होता. तिने त्याला दोन वर्षं थांब म्हणून सांगितलं. तो दीड वर्ष थांबला.

"दादांना सांगितलं का नाहीस?"

"तुझं तिसरं वर्ष चालू होतं."

एवढंच. आवाजात राग नव्हता, म्हणून मला काही बोलता आलं नाही. शिरूरकरबाईंच्या कथा वाचताना मी सगळा वेळ त्या मुलीच्या बाजूने होतो. त्या कथांतल्या ज्या भावाच्या फीसाठी बहिणीचं लग्न थांबतं तो भाऊ मी आहे, हे मला पुस्तकाने सांगितलं होतं, पण कळलं त्या चुलीपुढे.

कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटलं. एम.ए.चा फॉर्म तिने या वर्षी भरला, पैसे माझ्याकडून घेतले नाहीत. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवला. योगेश्वरीचा भाग तिला आवडला. शेवंतीचा भाग तिने ठेवू दिला. तिचं नाव तिने काढायला लावलं. म्हणाली, गावात राहायचंय मला. १९३३ चं कारण आणि हे कारण वेगळं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आणि एक दुरुस्ती तिने स्वतःहून सुचवली. "ते कळी-बिळी मला म्हणू नको," ती म्हणाली. "मी चौतीस वर्षांची बाई आहे."